मागे न वळलेली शेकरू

एका जंगलात, म्हणजे तुमच्या शाळेची सहल जाते त्या नव्हे, तिथे आता हॉटेल झालंय. त्याच्याही पलीकडच्या एका जंगलात प्राण्यांनी विमान बनवलं.

का बनवलं? शेजारच्या जंगलात होतं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. पण विमान झाल्यावर कारण शोधायला कितीसा वेळ लागतो? जंगलाच्या कडेला ओढा होता, ओढ्यापलीकडे खोल दरी. दरीपलीकडे कुणाची लेक दिलेली, कुणाची आत्या. चालत वळसा घालून जायचं तर चार दिवस. विमानाने जायचं तर पान खाऊन होईपर्यंत. झालं, कारण मिळालं.

सुतारपक्ष्याने बांबू तासले. शिंपी पक्ष्याने सागाची पानं शिवून पंख केले. आणि पुढच्या टोकाला बसवला एक हा एवढा वाळका भोपळा. भोपळ्यात तीनशे भुंगे. भुंगे आत गरागरा फिरले की भोपळ्याच्या तोंडाशी लावलेली ताडाची पाती फिरायची आणि विमान पळायचं. तर भुंगे हे इंजिन. वाटीभर मध हे पेट्रोल.

आता चालवणार कोण?

"मी," वानर हुपाजीराव म्हणाला. "माझ्याएवढ्या उड्या कुणी मारल्यात?"

"उड्या मारल्यात, पण वजन किती आहे?" सुतारपक्षी म्हणाला. "तुम्ही बसलात की भोपळा म्हणेल, राम राम."

मग निवडली झेंडू. झेंडू म्हणजे शेकरू. मोठी तांबडी खार असते ना, झुपकेदार शेपटीची, ती. अंगाने हलकी, डोक्याने शांत. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर, मधे नुसती हवा. म्हणून त्यांच्या आया पोरांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. "उडी मारलीस की मागची फांदी परकी. समोर जे असेल ते धर. काटा असेल तर काटा धर."

हुपाजी रुसला. पण रुसून लांब कुठे गेला नाही. पुढच्याच रांगेत जागा धरून बसला.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मैदानात मांडव. मांडवात वाघमहाराज, उंच खुर्चीवर. समोर ताटात शाल, नारळ, पेढे, झेंडूसाठी हार. ठरलं असं होतं, की विमान दरीपलीकडे जाईल, पाहुणीला सोडेल, परत येईल आणि मग सत्कार होईल.

पाहुणी म्हणजे चिंगामावशी. पिसोरी. हरणातलं सगळ्यात लहान हरीण, सशापेक्षा जरा मोठी म्हणा. तिची लेक दरीपलीकडे बाळंत व्हायला टेकली होती. पहिलंच बाळंतपण. मावशीने डिंकाच्या लाडवांचं गाठोडं बांधलं होतं आणि सकाळपासून ती विमानात जाऊन बसली होती. तिला मांडव, शाल, पेढे कशाशी देणंघेणं नव्हतं.

"अगं झेंडू, निघायचं कधी?"

"महाराजांचं भाषण झालं की, मावशी."

"आणि ते कधी होणार?"

"ते सुरू झालं की कळेल."

तिसरे बसले साळिंदर भाऊसाहेब. जंगलाच्या कचेरीतले. पाठीवर इतके काटे, की लिहायला टाक कधी विकत घ्यावा लागला नाही. पहिल्या उड्डाणाला सरकारी माणूस हवा असा नियम होता. नियम त्यांनीच आदल्या दिवशी लिहिला होता.

आता ऐका हं, इथे खरी गंमत आहे.

आपल्यात नवी सायकल आणली तरी काय करतात? हळदकुंकू लावतात. हार घालतात. चाकाखाली लिंबू ठेवतात. मग विमानाची पूजा नको? अस्वलबुवा आले. सोवळं नेसून, हातात धुपाटणं. धुपाटण्यात निखारे, निखाऱ्यांवर मूठमूठ ऊद. त्यांनी विमानाला ओवाळलं. शेपटीला ओवाळलं. मग भोपळ्यापुढे येऊन थांबले आणि म्हणाले, "इंजिन म्हणजे मुख्य दैवत." तिथे त्यांनी अर्धा तास धूप घातला.

पोरांनो, अस्वलबुवांचा रोजचा धंदा कोणता? मध काढायचा. कसा काढायचे? पोळ्याखाली धूर करून. धुराने माश्या गुंगतात, मग हात घालायचा. हे बुवांना ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण ते सकाळचं पोटाचं काम, हे दुपारचं देवाचं काम. दोन्हीकडे डोकं तेच, पण बुवा ते एका वेळी एकाच कामाला न्यायचे.

झेंडू म्हणाली, "बुवा, धूर आत जातोय."

"जाऊ दे की. आत गेला म्हणजे पावला."

"पण आतले भुंगे..."

"पोरी, पूजेत मधे बोलू नये."

झेंडू गप्प बसली. एवढी सभा भरलेली, बुवा वयाने मोठे. आपण नाही का गप्प बसत?

नारळ फुटला. भाषण झालं. भाषणात महाराज म्हणाले, की आपल्या जंगलाने नेहमीच आकाशाकडे पाहिलं आहे. सगळ्यांनी वर पाहिलं. मग झेंडूने भोपळ्यावर टिचकी मारली.

घर्रर्र!

विमान मैदानातून पळालं. समोरून वारा येत होता, त्याने पंखाखाली हात घालून उचललं. मांडव खाली गेला. महाराज मांजराएवढे झाले. एक झाड उंच, दोन झाडं उंच, तीन झाडं उंच. मैदान संपलं, ओढाही मागे पडला.

"बाई बाई," चिंगामावशी म्हणाली, "ओढा ओलांडला! लेकीला सांगा, आई आली!"

तेवढ्यात भोपळ्यातून 'घर्र'चं 'भूं' झालं. 'भूं'चं 'हूं' झालं. मग काहीच नाही.

तीनशे भुंगे गाढ झोपले होते. एकदोघे घोरत होते, तेवढाच आवाज.

पोरांनो, विमानातली शांतता म्हणजे देवळातली शांतता नव्हे.

"काय झालं?" भाऊसाहेब म्हणाले.

"इंजिन झोपलं," झेंडू म्हणाली.

"उठव मग!"

"एवढ्यात नाही उठत ते."

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं. मैदान दिसत होतं. सपाट, झाडून घेतलेलं, कडेने रांगोळी. मांडव दिसत होता. शालीचा लाल रंगसुद्धा दिसत होता. आणि समोर? समोर दरीच्या अलीकडे होतं रानडुकरांचं लोळण. एकराएवढा काळा मऊ चिखल. त्यात डुकरीण सोनाबाई आणि तिची अकरा पोरं दुपारची पहुडलेली.

"मागे फिरव," भाऊसाहेब म्हणाले.

झेंडू विमानाचं नाक खाली घालत होती.

"अगं खाली काय नेतेस? वर ओढ, वर! आणि मागे फिरव! हे काय, इथ्थं तर आहे मैदान!"

खालूनही आरडाओरडा ऐकू येत होता. सगळं जंगल हात करत होतं. "मागे! मागे! इकडे!" हुपाजीचा आवाज सगळ्यांत मोठा. "वळव! वळव गं! एवढं कसं कळत नाही!"

आणि खरं सांगते, झेंडूचा हात वळलाही. मोहच तसा. मागे सगळं ओळखीचं. मागे आपली माणसं. दोन पावलांवर दिसत होतं मैदान. तिने जरासं वळवलं.

विमान कलंडलं. डावा पंख खाली गेला. आणि विमान वळायच्या आधी बुडायला लागलं. तीन झाडं होती, ती अडीच झाली. अडीचाची दोन झाली. मैदान अजून कानामागेही आलं नव्हतं. पंखाखाली आतापर्यंत वारा हात धरून होता, तो हात सुटत चालला. सागाची पानं फडफडायला लागली. झेंडूला पोटात कळलं. मागची फांदी परकी झालीय.

चिंगामावशी लाडवांचं गाठोडं पोटाशी धरून बसली होती. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "झेंडू, लेक वाट बघतेय गं."

झेंडूने पंख सरळ केले. नाक पुन्हा खाली घातलं. विमानाला थोडा वेग आला, वाऱ्याने पुन्हा हात दिला.

"डुकरांच्या चिखलात?" भाऊसाहेब किंचाळले. "सरकारी विमान? डुकरांच्या चिखलात?"

"घट्ट धरा," झेंडू म्हणाली.

"कशाला धरू?"

"मावशीला सोडून कशालाही. तुमचे काटे टोचतात."

सोनाबाईने मान वर केली, विमान पाहिलं, आणि अकरा पोरांना असं काही हाकललं, की चिखल क्षणात मोकळा.

फच्च!

विमान चिखलात शिरलं, घसरत घसरत गेलं, एक पंख मोडला, भोपळा सुटून गडगडला, आणि सगळं थांबलं. तिघांच्या अंगावर नाकापर्यंत चिखल. डोळे तेवढे लुकलुक करत होते. सहा मोजले, सहाच्या सहा उघडे.

सोनाबाई पुढे आली. "अगं बाई, पाहुणे! या, या. चिखल झालाय तेवढा सांभाळा. च्या टाकू?"

"नको गं बाई," चिंगामावशी गाठोडं झटकत म्हणाली. "दरीत उतरायची वाट आहे का कुठली ते सांग."

"ही काय, डावीकडून. आम्हा डुकरांनाच ठाऊक, पायाखालची आहे माझ्या. संध्याकाळच्या आत पलीकडे पोचाल."

मावशीने झेंडूच्या चिखलभरल्या तोंडावरून हात फिरवला, कडाकडा बोटं मोडली, एक लाडू तिच्या हातावर ठेवला आणि चालू पडली. संध्याकाळी ती पोचली. पहाटे नात झाली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मागे मांडव होता ना!

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. झेंडूला उभं केलं. महाराज म्हणाले, "आम्ही तिथे हार घेऊन बसलो होतो. तू परत का आली नाहीस?"

"महाराज, वळायला उंची लागते. माझ्याकडे होती तीन झाडं. वळण मागत होतं सात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"थोडं वळून पाहिलं तेव्हा विमानानेच सांगितलं."

दरबारात हशा पिकला. विमान कुठे बोलतं का? हुपाजी उठला. तो आख्खा वेळ जमिनीवर होता, म्हणून त्याला सगळं नीट दिसलं होतं.

"महाराज, मैदान इतकं जवळ होतं, की मी इथून पेढा फेकला असता तर तिच्या तोंडात पडला असता. घाबरली पोरगी. दुसरं काही नाही. मी असतो तर असा गर्रकन वळलो असतो आणि महाराजांच्या पायाशी येऊन उतरलो असतो."

टाळ्या पडल्या. वळायचं होतं विमानाला, पण टाळ्या पडल्या हुपाजीच्या बोटाला. ते त्याने हवेत छान गर्रकन फिरवलं होतं.

मग भाऊसाहेबांची साक्ष. त्यांचे काटे अजून धुवून निघाले नव्हते. ते म्हणाले, "मी समक्ष हजर होतो. मागे फिरण्याची सूचना दोनदा दिली. ती डावलण्यात आली. सरकारी विमान अयोग्य जागी उतरवण्यात आलं. परिणामी कचेरीची अप्रतिष्ठा झाली."

"पण भाऊसाहेब," कोपऱ्यातून सोनाबाई म्हणाली, "तुम्ही वाचलात की."

"ती बाब वेगळी. ती या कागदात येत नाही."

चिंगामावशीलाही सुतारपक्ष्याकरवी निरोप धाडला होता. तिने उलट निरोप पाठवला. 'मी पुढे जायला निघाले होते. पुढेच उतरले. तक्रार काय आहे? बाळंतिणीला सोडून येता येत नाही. नात गोरी आहे.' भाऊसाहेबांनी तो वाचला आणि 'विषयाला सोडून' असा शेरा मारला.

राहता राहिला प्रश्न, भुंगे झोपले का? तो कुणी विचारलाच नाही. नाही म्हणायला अस्वलबुवांनी स्वतःच विषय काढला. "माझं जरा चुकलंच," ते म्हणाले. सगळे चमकले. झेंडूलाही वाटलं, आला बाबा शहाणपणाचा दिवस. बुवा म्हणाले, "धूप कमी पडला. पुढच्या खेपेला दोन धुपाटणी घेतो."

निकाल लागला. झेंडूचा चालवायचा परवाना सहा महिने काढून घेतला. विमान धुवायचं काम तिलाच. आणि मागे फिरता येतं हे जंगलाला दाखवण्यासाठी हुपाजीने विमान चालवावं, उंच गेल्यावर मुद्दाम इंजिन बंद करावं आणि मैदानात परत उतरून दाखवावं असं ठरलं.

पंख नवा बसवला. हुपाजीच्या वजनासाठी भोपळाही मोठा घेतला, त्यात पाचशे भुंगे भरले. मांडव तोच. शाल तीच. माणसं दुप्पट. पडणार असेल तर बघायला, आणि न पडणार असेल तरी बघायला, जत्रा जमतेच.

झेंडू हुपाजीपाशी गेली. "हुपाजीदादा, ऐका माझं. सात झाडं उंच गेल्याशिवाय वळू नका. त्याआधी काही झालं तर समोर जे असेल ते धरा. चिखल मऊ आहे. मी सोनाबाईंना सांगून ठेवलंय, त्या पोरांना बाजूला घेतील."

हुपाजी हसला. "ताई, चिखल तुमच्यासाठी. मी महाराजांना शब्द दिलाय."

"शब्द महाराजांना दिलाय, दादा. हवेला नाही दिलेला."

"बघत राहा," हुपाजी म्हणाला, आणि त्याने मिशीवर हात फिरवला. वानराला मिशी नसते, पण त्या दिवशी त्याला असल्यासारखं वाटत होतं.

बुवांनी दोन धुपाटणी घेतली. एक उजव्या हातात, एक डाव्या. भोपळा दिसेनासा होईपर्यंत धूप घातला. पहिल्या रांगेतल्यांनाही जांभया यायला लागल्या.

घर्रर्र! विमान पळालं. उचललं. एक झाड. दोन झाडं. हुपाजी खाली बघून हात हलवत होता. तीन झाडं. अजून चार चढायची होती, मग तो स्वतः इंजिन बंद करणार होता.

भूं. हूं.

पाचशे भुंगे ठरल्या वेळेआधीच झोपले.

हुपाजीने समोर पाहिलं. चिखल. सोनाबाई पोरांना बाजूला घेऊन, वाट मोकळी करून उभी. तिने खुराने खूणही केली, या, या. सरळ गेला असता तर अंगावर चिखल उडाला असता, बाकी काही नाही.

मग त्याने मागे पाहिलं. मांडव. शाल. सगळं जंगल. आणि त्याने ते बोट हवेत फिरवलं होतं ना, तसंच विमान गर्रकन फिरवलं.

डावा पंख खाली गेला. हुपाजीने नाक वर ओढलं. जीव वर ओढतोच, पोरांनो, कुणाचाही ओढेल. पण नाक वर झालं तसा वेग गेला, आणि वेग गेला तसा वाऱ्याने हात सोडला. विमान अर्धं वळलं होतं. बाकीचं अर्धं ते वळलं नाही. ते पडलं. समोरच्या वाऱ्याने मागे लोटलं ते भोपळ्यासकट, थेट मांडवावर.

महाराज नेमके पेढा घ्यायला उठले होते. नाहीतर गोष्ट इथे राजाविना झाली असती. खुर्चीचा भुगा झाला.

हुपाजीला बाहेर काढलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता. पहिली धावली ती झेंडूच. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"ताई," हुपाजी पुटपुटला, "मैदान किती जवळ होतं गं."

"हो दादा. जवळच होतं."

तो वाचला. पण कंबर मोडली ती मोडलीच. तो पुन्हा कधी झाडावर चढला नाही. वानर, आणि जमिनीवर. आता यावर हसू नका.

जंगलाने मात्र त्याला काही कमी केलं नाही. मैदानात चौथरा बांधला. महाराजांनी स्वतः त्याला शाल पांघरवली. भाऊसाहेबांनी दगडावर काट्याने कोरलं. 'परत येण्याचा शूर प्रयत्न.' पुतळाही करायचा होता, पण हुपाजी स्वतःच दिवसभर चौथऱ्यावर बसून असायचा, मग पुतळ्याचा खर्च कशाला, असं ठरलं. शाळेतली पिल्लं ओळीने येतात, नमस्कार करतात. तो कधीकधी हळूच एखाद्या पिल्लाला जवळ बोलावतो आणि कानात काहीतरी सांगतो. पण गुरुजी लगेच म्हणतात, "चला, चला, दादांना त्रास देऊ नका."

झेंडूचे सहा महिने भरले. विमान पुन्हा उडायला लागलं. आता चालवणारे चारजण झाले होते, झेंडू त्यांतली एक. तिला जंगलात चिखलवाली म्हणायचे. ती आली की पोरं नाक धरायची. सत्काराच्या यादीत तिचं नाव कधी लागलं नाही.

एके दिवशी महाराजांना सासुरवाडीला जायचं होतं, दरीपलीकडे. राणीसाहेब बरोबर, दोन बछडे बरोबर. विमान तयार. सगळं जंगल निरोपाला उभं. महाराज विमानापाशी आले, थबकले, आणि त्यांनी भाऊसाहेबांना जरा बाजूला घेतलं.

"काय हो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज चालवायला कोण आहे?"

"महाराजांच्या इतमामाला शोभेल असाच चालक निवडलाय. हुपाजींचा पुतण्या. चुलत्याचं पाहून शिकलाय."

महाराजांनी बछड्यांकडे पाहिलं. मग इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि भाऊसाहेबांच्या कानाला लागले.

"ती चिखलवाली मोकळी आहे का बघा ना. आणि हो, कुणाला सांगू नका."

भाऊसाहेब म्हणाले, "महाराज, मीसुद्धा तिच्याच विमानाने जातो."

तात्पर्य: पोरांनो, उडता उडता इंजिन बंद पडलं तर नेहमी मागे वळावं. शाल, नारळ, पेढे आणि चौथरा हे सगळं मागेच असतं. पुढे चिखलात नुसता जीव वाचतो, आणि जीव वाचवला म्हणून आजवर कुणी कुणाचा सत्कार केलेला नाही.